हाय हॅझर्ड धरण म्हणजे पडायला आलेलं धरण नव्हे

पाऊस दोन-तीन दिवस लागून राहिला की कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातल्या मराठी ग्रुपवर तोच मेसेज परत परत फिरतो. लॉस गॅटोसच्या वर डोंगरात एका खाजगी कंपनीचं धरण आहे, सरकारी यादीत त्याच्यापुढे धोक्याचा वरचा दर्जा लिहिलाय, भूकंपात त्याला तडेही गेले होते, सावध राहा आणि पुढे पाठवा. एकेक वाक्य सुटं घेतलं तर धड खोटंही म्हणता येत नाही आणि म्हणूनच जास्त डोकं फिरतं, कारण सगळं जोडून जो अर्थ निघतो तो साफ चुकीचा आहे. मग क्युपर्टिनोतली माणसं पण घाबरून विचारायला लागतात, जिथून त्या धरणाचा ओढा, लॉस गॅटोस क्रीक, वाहतसुद्धा नाही.

धरण कोणतं ते आधी उरकून टाकू. हायवे १७ वरून सांताक्रूझला जाताना डावीकडे दिसतो तो लेक्झिंग्टनचा तलाव, त्याचं धरण १९५२ चं आणि मालक व्हॅली वॉटर ही सार्वजनिक संस्था. तो तुम्हाला माहितीये, सोडून द्या. आपला विषय त्याच क्रीकवर आणखी वर डोंगरात, लोकांना बंद असलेला लेक एल्समन आणि तो अडवणारं ऑस्ट्रियन डॅम. मातीचं, १९५० चं, उंची १८५ फूट, मालक सॅन होजे वॉटर कंपनी, जिचं बिल तुमच्यापैकी बरेच जण भरतात. साठा ६,२०० एकर-फूट, म्हणजे आपल्या भाषेत पाव टीएमसीच्या जरा वर, खडकवासल्याच्या सातव्या हिश्श्याएवढा असेल. ही कंपनी दहा लाखांहून जास्त लोकांना पाणी देते पण त्यातलं बरंचसं विहिरींचं आणि व्हॅली वॉटरकडून विकत घेतलेलं, डोंगरातल्या पाण्याचा वाटा छोटा आणि पाऊस कसा झाला त्यावर वरखाली होणारा. तरी कंपनीला ते लाडकं असतं कारण ते विकत घ्यावं लागत नाही आणि उतारावरून आपसूक खाली येतं. पूर अडवणं हे या धरणाचं काम नाही, पिण्यासाठी पाणी साठवणं हे काम.

आता मुख्य गोंधळ. कॅलिफोर्नियात धरणांवर देखरेख ठेवणारं राज्याचं खातं आहे, डीएसओडी. ते धरणांची यादी काढतं आणि तिच्यात प्रत्येक धरणासमोर दोन वेगळे रकाने असतात. एक 'डाउनस्ट्रीम हॅझर्ड', दुसरा 'कंडिशन असेसमेंट'. दुसरा सगळ्यांना कळतो, त्यात धरणाची तब्येत लिहिलेली असते, सॅटिसफॅक्टरी, फेअर, पुअर, अनसॅटिसफॅक्टरी. घोळ होतो पहिल्यात, कारण लोक तोही तब्येतीचाच समजून वाचतात.

हॅझर्डचा रकाना एकच प्रश्न विचारतो, समजा हे धरण भरलेलं असताना गेलं, तर खाली काय होईल? त्यातलं 'समजा' महत्त्वाचं. धरण जाणार का, जायची शक्यता किती, भिंत कशी आहे, याच्याशी त्या रकान्याला काही देणंघेणं नाही. मालकाच्याच जमिनीवर थोडं नुकसान झालं तर लो. माणूस जाणार नाही पण पैशाचं, निसर्गाचं किंवा महत्त्वाच्या सोयींचं मोठं नुकसान होईल, तर सिग्निफिकंट. एक जरी जीव जाईल असं वाटलं तर हाय. आणि पाणी जिथवर पसरेल तिथे हजार किंवा जास्त माणसं राहात असतील तर एक्स्ट्रीमली हाय. आता ऑस्ट्रियनच्या खाली बघा, आधी लेक्झिंग्टन, मग लॉस गॅटोस, मग कॅम्पबेल, मग सॅन होजे. इतकी वस्ती खाली असल्यावर वर्ग वरचाच येणार, धरण पोलादाचं ओतलं तरी.

गॅस सिलिंडरचं घ्या ना. तोच सिलिंडर माळावरच्या एकट्या शेडमध्ये ठेवला काय आणि शाळेच्या किचनमध्ये ठेवला काय, शाळेतला जास्त जपायचा हे कोणीही सांगेल, पण तो शाळेत आहे म्हणून गळतोय असं कोणी म्हणत नाही. गळतोय का ते वेगळं तपासायचं.

आणि हे दोन रकाने एकमेकांना न विचारता बदलतात, हे ज्याला कळलं त्याचा गोंधळ कायमचा सुटतो. हॅझर्ड वाढायला धरणाला हातसुद्धा लावावा लागत नाही. पन्नास वर्षांपूर्वी खाली फळबागा होत्या, आज टाउनहाउस उभे राहिले, संपलं, वर्ग वाढला, भिंत जशीच्या तशी.

उलटं उदाहरण तर ऑस्ट्रियनचंच आहे. १७ ऑक्टोबर १९८९, लोमा प्रिएटाचा ६.९ चा भूकंप, धरण केंद्राच्या अगदी जवळ. भिंतीचा माथा दोन फुटांहून जास्त खचला, मातीत तडे गेले, सांडव्याचं नुकसान झालं. तलाव निम्म्याच्या आसपासच भरलेला होता, पाणी सुटलं नाही, नंतर दुरुस्ती झाली. खाली लॉस गॅटोसमध्ये राहणारी माणसं १६ तारखेला जितकी होती तितकीच १८ तारखेलाही होती, म्हणजे धरण गेलं असतं तर होणारं नुकसान तेवढंच, पण धरणाची तब्येत मात्र काही सेकंदांत पार बदलली. मेसेजवाले नेमकं हेच तडे आजच्या हॅझर्ड वर्गाचा पुरावा म्हणून जोडतात. अरे तडे हा तब्येतीचा विषय, तो दुसरा रकाना, आणि तोही दुरुस्तीच्या आधीचा!

याच्या उलट चूकही होते आणि ती मला जास्त घातक वाटते. कंडिशन सॅटिसफॅक्टरी दिसली की मंडळी म्हणतात चला, आपल्याला काही बघायला नको. तब्येत चांगली आहे याचा अर्थ परिणाम छोटे आहेत असा होत नाही. तसंच लो हॅझर्ड वाचून धरण मजबूत आहे असं धरून चालणारे पण आहेत. लो हॅझर्डचं धरण अगदी मोडकळीला आलेलं असू शकतं, फक्त त्याच्या खाली कोणी राहात नाही एवढंच.

वरच्या वर्गाचा व्यवहारात अर्थ काय तर त्या धरणावर जास्त डोळे असतात. लो सोडून बाकी सगळ्या वर्गांची राज्याकडून दरवर्षी तपासणी, लो वाल्यांची दोन वर्षांतून एकदा. लो सोडून बाकीच्यांना आणीबाणीचा आराखडा आणि पाणी कुठवर जाईल याचा नकाशा करणं बंधनकारक, हा नियम २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्याच ओरोव्हिल धरणाचा सांडवा फुटून १,८८,००० लोकांना घरं सोडावी लागली त्यानंतरचा. आणि तब्येत बिघडलेली आढळली तर डीएसओडी मालकाला सांगू शकतं की पाणी अमुक पातळीच्या वर भरायचं नाही.

आता खाजगीचं, म्हणजे मालक खाजगी कंपनी आहे म्हणून धरण जास्त धोक्याचं का. हा मुद्दा मला दुय्यम वाटतो पण भांडण यावरच जास्त होतं. ओरोव्हिल सरकारी, आणि त्याचं मालक खातं तेच ज्याच्या पोटात डीएसओडी आहे. डीएसओडीचे आजचे अधिकार मुळात आले १९२९ मध्ये, आदल्या वर्षीच्या १२ मार्चला सेंट फ्रान्सिस धरण फुटून चारशेहून जास्त माणसं गेली म्हणून, आणि ते धरण होतं लॉस एंजेलिस शहराचं. त्या वेळच्या कायद्यात शहरांच्या धरणांना राज्याच्या तपासणीतून चक्क सूट होती. आपलं पानशेत, १२ जुलै १९६१, तेही सरकारीच. आणि मुळशीचं धरण टाटांचं, १९२० च्या दशकातलं, अजून उभं आहे.

म्हणून खाजगी म्हणजे चांगलं असं अजिबात म्हणत नाहीये मी. १८८९ ला पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनमध्ये धरण फुटून २,२०९ माणसं गेली, ते धरण श्रीमंतांच्या मासेमारी क्लबचं होतं. मे २०२० ला मिशिगनमधलं एडनव्हिल गेलं, तेही खाजगी, पुराचं पाणी नीट काढून द्यायची सोय मालक करत नाही म्हणून संघराज्य सरकारने त्याचं वीजनिर्मितीचं लायसन्स २०१८ मध्येच काढून घेतलं होतं. अमेरिकेत नव्वद हजारांवर धरणं आहेत आणि त्यातली निम्म्याहून जास्त खाजगी आहेत, तेव्हा मालक खाजगी आहे एवढ्यावरून काहीच कळत नाही. मी मालकाबद्दल दोनच गोष्टी बघतो, दुरुस्तीला पैसा कुठून येणार आणि वर तपासणारा कोण. पाण्याच्या कंपनीचे दर राज्याचा आयोग ठरवतो आणि धरणावर केलेला मान्य भांडवली खर्च बिलातून परताव्यासकट वसूल होतो, त्यामुळे तिने दुरुस्तीत कंजुषी करावी असं गणित सरळ बसत नाही (उलट ग्राहक म्हणून माझी तक्रार बिलाची आहे, पण तो वेगळा लेख). ज्याच्याकडे बिल भरणारे ग्राहक नाहीत असा छोटा मालक आणि जुनं धरण ही जोडी मला जास्त भीतीदायक वाटते.

शेजारच्या अँडरसन धरणाकडे पण एकदा बघा. तेही १९५० चंच, व्हॅली वॉटरचं, म्हणजे सार्वजनिक. मोठ्या भूकंपात टिकणार नाही या चिंतेने फर्क या संघराज्याच्या ऊर्जा नियामक आयोगाने फेब्रुवारी २०२० मध्ये ते रिकामं करायचा आदेश दिला. खाली मॉर्गन हिल गाव जिथे होतं तिथेच आहे, म्हणजे हॅझर्डच्या रकान्याचा प्रश्न तोच राहतो. पण तलाव रिकामा केला की प्रत्यक्षातली जोखीम कमी होते, कारण खाली जायला पाणीच उरत नाही.

तुमच्या घराचं बघायचं असेल तर डीएसओडीच्या साइटवर नकाशे उघडे आहेत, पत्ता शोधा आणि शेजारी यादीतले दोन्ही रकाने उघडून ठेवा, एकच बघून स्क्रीनशॉट काढू नका. ते नकाशे तलाव काठोकाठ भरलाय असं धरून काढलेले असतात. आणि जोराच्या पावसात क्रीक फुगून रस्त्यावर पाणी येतं ते या नकाशांत सापडणार नाही, त्यासाठी फेमाचे, म्हणजे संघराज्याच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे, पुराचे नकाशे वेगळे असतात, घराच्या पूर विम्याचा संबंध त्यांच्याशी येतो.