उदबत्तीच्या धुराच्या निऱ्या

देव्हाऱ्यापुढच्या उदबत्तीचा धूर आधी वीतभर अगदी सरळ, दोरा ओढल्यासारखा वर जातो. मग तो लचकतो, एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि हातभर उंचीवर पोचेपर्यंत विस्कटून जातो. या धुराचा फोटो काढायचा तर कामाचा असतो तो मधला टप्पा. खालच्या सरळ दोऱ्यात बघण्यासारखं फार काही नसतं आणि वरच्या गोंधळात डोळा कुठे ठरत नाही. मधल्या वीत-दीड वीत उंचीत मात्र वेटोळी, पदर, वलयं असं सगळं उमटतं. कॅमेरा रोखायचा तो तिथेच.

हे लचकणं येतं कुठून? निखाऱ्याजवळची हवा तापून हलकी होते आणि वर चढते, चढता चढता तिचा वेग वाढतो. शेजारची हवा मात्र जवळजवळ स्थिर असते. वेगात असा फरक असलेले दोन थर एकमेकांना घासून वाहू लागले, की त्यांच्या सीमेवर उठलेली बारीकशी लाट विरून न जाता वाढत जाते आणि शेवटी स्वतःभोवती गुंडाळली जाते. हेल्महोल्ट्झने १८६८ साली आणि केल्विनने १८७१ साली याचं गणित मांडलं, म्हणून या अस्थिरतेला दोघांचं नाव आहे. पुढे १८८३ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीतल्या पाण्यात रंगाची बारीक धार सोडून शिस्तीतला प्रवाह आणि खळबळता प्रवाह यांतला फरक डोळ्यांना दाखवला. उदबत्ती या दोन्ही गोष्टी रोज घरात करून दाखवते.

फोटोतल्या ज्या रेषांवर आपण भाळतो, त्या बहुतेक वेळा रेषा नसतातच. मधल्या टप्प्यात धूर चपटा होऊन पातळ पडद्यासारखा पसरलेला असतो. पडदा समोरून दिसला तर नजरेच्या वाटेत धूर फारच थोडा येतो आणि तो भाग फिका, जवळजवळ पारदर्शक दिसतो. तोच पडदा जिथे घडी घालून कडेवर आलेला असतो, तिथे नजर बऱ्याच जाडीच्या धुरातून जाते आणि लखलखीत रेघ दिसते. नऊवारीच्या निऱ्या कशा कडेला गडद दिसतात आणि मध्ये कापड एकेरी असतं, तसंच. म्हणून उदबत्ती न हलवता कॅमेरा हातभर बाजूला सरकवला, तरी रेषा निराळ्याच जागी दिसतात.

या घड्या इतका वेळ टिकतात त्याचं कारण धुराच्या कणांच्या आकारात आहे. कणाचा व्यास ढोबळमानाने ०.२ मायक्रोमीटर धरा. एवढा कण स्थिर हवेत एका सेकंदात आपणहून सुमारे ०.०२ मिलिमीटरच भरकटतो. तेवढ्याच वेळात उष्णता मात्र सहा-सात मिलिमीटर पसरते. म्हणजे ज्या गरम धारेने घडी घातली ती निवून, मंदावून गेली तरी घडी तशीच राहते. आपल्याला वाटतं धूर हवेचा आत्ताचा प्रवाह दाखवतोय, पण तो गेल्या दोन-तीन सेकंदांत काय घडलं त्याची नोंद असतो. यातून कामाची एक गोष्ट निघते. हाताने किंवा पुठ्ठ्याने धूर ढवळला की लगेच बटण दाबू नका. मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणा आणि मग दाबा. ढवळताना नुसता फराटा मिळतो, घडी नंतर पडते.

आता प्रकाश. सगळा खेळ त्याच्यावरच आहे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर, आणि धुराचे कण त्याच मापाच्या आसपासचे. असे कण प्रकाश मागे फारसा परतवत नाहीत, तो बराचसा पुढच्या दिशेने विखुरतात. म्हणून कॅमेऱ्यावर बसवलेल्या फ्लॅशने समोरून उजेड मारला की धूर मरतुकडा आणि राखाडी येतो. फ्लॅश कॅमेऱ्यापासून सुटा करा, वायरलेस ट्रिगर लावा आणि तो धुराच्या बाजूला, किंचित मागे, धुरापासून ४० सेंटिमीटरवर ठेवा. त्याचा झोत लेन्समध्ये शिरता कामा नये आणि मागच्या पडद्यावरही पडता कामा नये. त्यासाठी काळ्या कार्डशीटची १५ ते २० सेंटिमीटर लांब सुरळी करून फ्लॅशच्या तोंडाला रबरबँडने बसवा. दुकानातलं महागडं उपकरण आणायची काही गरज नाही.

मागे काळं मखमल हवं. साधं काळं सुती कापड किंवा चार्टपेपर डोळ्यांना काळा दिसतो, पण फ्लॅशखाली करडा होतो. कापड धुरापासून निदान एक मीटर मागे टांगा. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. धूर फ्लॅशपासून ४० सेंटिमीटरवर आणि कापड १२० सेंटिमीटरवर असेल, तर कापडाच्या वाट्याला नवव्या हिश्शाइतकाच उजेड येतो, तोही सुरळीतून निसटला तरच.

कॅमेरा पूर्णपणे मॅन्युअलवर ठेवा. सुरुवातीला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ (आकडा मोठा तितकं छिद्र लहान), शटर १/२०० सेकंद, फ्लॅशची ताकद पूर्ण ताकदीच्या १/१६. धूर फिका आला तर आधी फ्लॅश जवळ घ्या, मग ताकद १/८ करा, आयएसओ शेवटी वाढवा. व्हाइट बॅलन्स (रंगांची जुळणी) फ्लॅशच्या चिन्हावर आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली.

फ्लॅशची ताकद कमी का ठेवायची, हे एकदा हिशेब करून बघण्यासारखं आहे. समजा चौकटीत ३० सेंटिमीटर रुंदीचा भाग मावतोय आणि चित्र ६००० पिक्सेल रुंद आहे. म्हणजे एक पिक्सेल ०.०५ मिलिमीटरचा. धूर सेकंदाला ३० सेंटिमीटर वेगाने चाललाय असं धरलं, तर १/२०० सेकंदात तो दीड मिलिमीटर सरकतो, म्हणजे ३० पिक्सेल. नुसत्या दिव्याच्या उजेडात फोटो काढला तर एवढी पुसट रेघ ठरलेलीच. पण अंधाऱ्या खोलीत शटर किती वेळ उघडं आहे याला महत्त्व नसतं, फ्लॅश किती वेळ पेटला ते महत्त्वाचं. पूर्ण ताकदीवर साधा फ्लॅश साधारण १/१००० सेकंद किंवा त्याहूनही जास्त वेळ पेटतो, तर १/१६ वर ही वेळ मॉडेलप्रमाणे १/१०,००० सेकंदाच्या आसपास येते. तेवढ्या वेळात धूर ०.०३ मिलिमीटर हलतो, म्हणजे एक पिक्सेलही नाही. फ्लॅशमधली हाय-स्पीड सिंक ही सोय मात्र बंदच ठेवा. त्यात फ्लॅश एका झटक्याऐवजी लांबवर धडधडत पेटतो आणि हा सगळा फायदा वाया जातो. मोबाइलचा फ्लॅश तर लेन्सला चिकटून समोरून पडणारा. मोबाइलवरच करायचं असेल तर बाजूने जोरदार टॉर्च लावा, प्रो मोडमध्ये शटर १/५०० ठेवा आणि थोडा दाणेदारपणा चालवून घ्या.

फोकसवर सगळ्यात जास्त फोटो फुकट जातात. धुरावर ऑटोफोकस नुसता पुढे-मागे शोधत राहतो. जिथे धूर लचकतो त्या जागी, उदबत्तीच्या बरोबर वर, एक छापील चिठ्ठी दोऱ्याने लटकवा, तिच्या अक्षरांवर फोकस करा, फोकस मॅन्युअलवर टाका आणि चिठ्ठी काढून घ्या. वरच्याच ३० सेंटिमीटरच्या चौकटीला फुल-फ्रेम (३६ मिलिमीटर रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एफ/८ वर पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम पावणेचार सेंटिमीटर असतो, एफ/११ वर पाचेक. त्यामुळे धूर कॅमेऱ्याच्या दिशेने कलत असेल तर छिद्र लहान करत बसण्यापेक्षा तो कशाने कलतोय ते शोधा. बहुतेक वेळा दाराखालची फट, नाहीतर फोटो काढणाऱ्याचा श्वास.

पंखा बंद, एसी बंद, खिडक्या बंद, आणि त्यानंतर पाच मिनिटं काहीच करायचं नाही. बंद केलेल्या पंख्याने ढवळलेली हवा पंख्याबरोबर थांबत नाही. पण खोली बंद ठेवण्याचा उलटा त्रासही आहे. पंधरा-वीस मिनिटांत सगळीकडे धूर साचतो, काळं मखमल दुधाळ दिसू लागतं आणि रेषांचा उठाव जातो. तेव्हा एक्स्पोजर बदलत बसू नका. खिडक्या उघडा, खोली मोकळी होऊ द्या, पुन्हा लावा, पुन्हा थांबा. हे कण फुप्फुसात खोलवर जाण्याइतके बारीक असतात, त्यामुळे हे तुमच्यासाठीही बरं. घरात दम्याचं कुणी असेल तर त्या खोलीत हा उद्योग नकोच. उदबत्ती जड पितळी स्टँडमध्ये खोचा, खाली ताटली ठेवा आणि मखमल लांब ठेवा. धुराचा अलार्म असलेल्या इमारतीत आधी चौकशी करा.

धूर जाड हवा असेल तर दोन उदबत्त्या एकत्र धरा. धुपाचा धूर भरपूर येतो, पण लवकर विस्कटतो. आकार हवे असतील तर सरळ दोऱ्यावर, निखाऱ्यापासून दहा सेंटिमीटर वर, चमचा पालथा धरा. धूर त्याच्या पोटाला लागून कडेने वळतो आणि कडेपाशी दोन्हीकडे भोवरे सुटतात. राखेचं बोंड लांबलं तर झटकून टाका. ते वाकडं झालं की धूर एका अंगाने निघू लागतो.

पॅरिसच्या एतियेन-ज्यूल मारे या शरीरशास्त्रज्ञाने १८९९ ते १९०१ या काळात नेमकं हेच केलं होतं. काचेच्या पेटीत धुराच्या समांतर बारीक धारा, मध्ये निरनिराळ्या आकारांचे अडथळे, मागे काळं मखमल आणि मॅग्नेशियमचा झगझगीत उजेड. त्याला हवेचा प्रवाह अभ्यासायचा होता. ते फोटो २००४ साली ओर्से संग्रहालयात, चित्रांच्या शेजारघरी, प्रदर्शनात मांडले गेले.

संगणकावर फार काही करायचं नसतं. हिस्टोग्राम (चित्रातल्या काळ्या-उजळ भागांचा आलेख) डावीकडे, काळ्या बाजूला, चिकटलेला दिसेल, तो तसाच असायला हवा. काळा रंग थोडा आणखी खाली खेचा, निखारा चौकटीत आला असेल तर कापून टाका. ताज्या धुराला निळसर झाक असते, कारण बारीक कण निळा प्रकाश जास्त विखुरतात. म्हणून चित्राचे रंग उलटे केले की पांढऱ्या कागदावर पिवळट-तपकिरी शाईने काढल्यासारखा धूर मिळतो, आणि बरेचदा तोच जास्त देखणा दिसतो. अर्धं चित्र आरशासारखं जोडून चेहरे आणि फुलपाखरं काढण्याची युक्ती मात्र दुसऱ्या फोटोलाच शिळी होते. उलटं करताना एक अडचण येते. काळ्यावर न दिसणारे ठिपके पांढऱ्यावर माश्या बसल्यासारखे उठून दिसतात. लागोपाठचे दोन फोटो शेजारी ठेवून बघा. ठिपका दोन्हींत त्याच जागी असेल तर तो मागच्या मखमलीवरच्या कचऱ्याचा किंवा सेन्सरच्या बिघडलेल्या पिक्सेलचा असू शकतो. जागा बदलली असेल तर ती उडालेली राख, ती ब्रशने एकेक करून पुसावी लागते.