कॉलेजात रुळणं आणि सोशल मीडिया : वादाची पार्श्वभूमी

सोशल मीडियामुळे अभ्यास बुडतो का, हा वाद मोबाइलच्या भोवती फिरत असला तरी त्याचं मूळ जुनं आहे. मुलं कॉलेज अर्ध्यावर का सोडतात, याची मांडणी अमेरिकेत व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली केली. हुशारी आणि घरची परिस्थिती महत्त्वाची खरीच. पण विद्यार्थी अभ्यासात, शिक्षकांत, मित्रमंडळींत किती रुळतो, यावरही त्याचं टिकणं ठरतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

फेब्रुवारी २००४मध्ये हार्वर्डच्या वसतिगृहात फेसबुक सुरू झालं, ते या रुळण्याच्याच जागी. सुरुवातीला कॉलेजचा ई-मेल पत्ता असेल त्यालाच प्रवेश होता. सप्टेंबर २००६मध्ये ते सर्वांना खुलं झालं. पुढच्याच वर्षी मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या २८६ विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. फेसबुक वापरणाऱ्यांच्या ओळखीपाळखी अधिक विस्तारलेल्या दिसल्या, आणि आत्मविश्वास कमी असलेल्या मुलांच्या बाबतीत हा संबंध जास्त ठळक होता.

२०१०मध्ये मात्र किर्शनर आणि कार्पिन्स्की यांच्या पाहणीत फेसबुक वापरणाऱ्यांची गुणांची सरासरी ४ पैकी ३.०६, तर न वापरणाऱ्यांची ३.८२ आढळली. पालकांच्या मनात राहिलं ते हेच. पण वापरामुळे गुण घसरले, असं या आकड्यांवरून सिद्ध होत नाही.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो रे जन्को आणि सहकाऱ्यांचा २०११चा प्रयोग. पहिल्या वर्षाच्या १२५ विद्यार्थ्यांपैकी एका गटाशी शिक्षकांनी सत्रभर ट्विटरवर संवाद ठेवला : पुस्तकावर चर्चा, कामांची आठवण करून देणं, अभ्यासगट जमवणं. त्या गटाचा कॉलेजातला सहभाग वाढला आणि गुणही दुसऱ्या गटापेक्षा सरस आले. तिथे शिक्षक स्वतः हजर होते, हे विसरून चालणार नाही. शिक्षकांशिवायच्या वापराचं चित्र वेगळं आहे. फेसबुक एकेका कॉलेजात टप्प्याटप्प्याने पोचलं, त्या क्रमाचा आधार घेऊन २०२२मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ते आल्यावर विद्यार्थ्यांचं मानसिक आरोग्य बिघडल्याचं दिसलं.

महाराष्ट्रात २०१६नंतर डेटा स्वस्त झाला आणि वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हाच नोटीस बोर्ड बनत गेला. नोट्स, वेळापत्रक, फॉर्मची शेवटची तारीख, सगळं तिथेच. २०२०च्या टाळेबंदीत पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या कित्येकांची वर्गमित्रांशी पहिली ओळखही त्या ग्रुपवरच झाली. ज्यांच्या गावात रेंज नव्हती किंवा घरात एकच फोन होता, त्यांची तीही राहून गेली.