पोलादी पात्यांचा पियानो आणि खुला कोड

पेटीचा एखादा सूर उतरला की कारागीर त्याच्या पितळी पातीचं टोक जरासं खरवडतो. टोकाचं वजन घटतं, पाती जास्त वेगाने हलते, सूर चढतो. सूर आधीच चढा असेल तर बुडाशी खरवडायचं. तिथला ताठपणा कमी झाला की सूर उतरतो. पं. रामभाऊ विजापुरे यांनी ज्या बेळगावात कित्येक पिढ्यांना पेटी शिकवली, तिथे हे ज्ञान पुस्तकात शोधावं लागत नाही. तिथल्या शहापूर-वडगाव भागातल्या भजनी मंडळांच्या पेट्या अशाच हातांनी सुरात राहिल्या आहेत.

हेच भौतिकशास्त्र एका अमेरिकन वाद्यात आहे. बेंजामिन मीसनर यांच्या संशोधनावर उभा राहिलेला वुर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानो १९५०च्या दशकाच्या मध्यात बाजारात आला. त्याचं २००ए हे गाजलेलं मॉडेल १९७४चं. ६४ पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीमागे एका टोकाला घट्ट आवळलेली पोलादी पाती. पातीच्या मोकळ्या टोकावर शिशाच्या डागाचा (सोल्डरचा) छोटा गोळा असतो. तो घासला की सूर चढतो, त्यात डाग भरला की उतरतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे पियानो बनायचे थांबले. जे उरले आहेत ते महाग आहेत आणि त्यांच्या पात्या तुटतात. म्हणून जगभरचे हौशी आणि अभियंते हे वाद्य संगणकात उभं करू लागले आहेत, तेही खुल्या कोडमध्ये, कुणीही वाचावा, बदलावा आणि वापरावा असा.

सोपा वाटणारा मार्ग म्हणजे खऱ्या पियानोचा प्रत्येक स्वर रेकॉर्ड करून ठेवणं. पण कीबोर्ड आणि संगणक जोडणाऱ्या मिडी पद्धतीत पट्टी किती जोरात दाबली याच्या १२७ पायऱ्या असतात. ६४ पट्ट्यांना १२७ ने गुणलं की ८,१२८ रेकॉर्डिंग होतात. एवढं करूनही खरी अडचण तशीच राहते. मूळ वाद्यात सगळ्या पात्यांचा विजेचा संकेत एकत्र होऊन ट्रान्झिस्टरच्या एकाच प्रवर्धकातून (अँप्लिफायरमधून) जातो. २२० आणि ३३० हर्ट्झचे दोन स्वर एकदम वाजले की तो प्रवर्धक त्यांच्या बेरजेला वाकवतो आणि ११० हर्ट्झसारखे मूळ स्वरांत नसलेले फरकाचे स्वर जन्माला येतात. वेगवेगळी रेकॉर्डिंग नुसती एकत्र वाजवली तर ते येत नाहीत. माझ्या मते इथेच रेकॉर्डिंगचा मार्ग संपतो. आवाज हवा असेल तर आवाज ज्यातून निघतो ती कारणं कोडमध्ये लिहावी लागतात.

पहिलं कारण पाती. एका टोकाला पकडलेल्या सरळ पातीची दुसरी कंपनं मूळ कंपनाच्या ६.२७ पट वेगाची असतात आणि तिसरी १७.५५ पट. टोकाला डागाचं वजन आलं की ही गुणोत्तरं आणखी वर सरकतात. हे आकडे पूर्णांक नाहीत, म्हणून पट्टी दाबल्याच्या पहिल्या क्षणी घंटेसारखा टणत्कार ऐकू येतो. तो लगेच विरतो आणि मूळ कंपन मागे राहतं. विरत जाणारं एक कंपन संगणकात काढायला फारसे कष्ट नाहीत. मागचे दोन आकडे घ्यायचे, प्रत्येकाला एका ठरलेल्या आकड्याने गुणायचं आणि वजाबाकी करायची की पुढचा आकडा मिळतो. संगणकातल्या आवाजाला सहसा सेकंदाला असे ४४,१०० आकडे लागतात, तेवढ्या वेळा एवढंच करत राहायचं.

मग त्या पियानोतला करकरीतपणा येतो कुठून? पातीजवळ धातूचा एक खाचेचा पत्रा असतो. त्याच्यावर सुमारे १५० व्होल्टचा दाब असतो आणि पाती त्या खाचेत हलते. पाती आणि पत्रा मिळून एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा घटक होतो. पाती जवळ आली की त्याची क्षमता वाढते, लांब गेली की कमी होते, आणि तोच बदल विजेचा संकेत बनतो. पण पाती जवळ येताना होणारी वाढ आणि तितकीच लांब जाताना होणारी घट सारखी नसते. सोप्या सूत्रात क्षमता अंतराच्या व्यस्त प्रमाणात धरली तर हिशेब फार बोलका येतो. पाती अंतराच्या एक दशांशाइतकी हलली तर दुप्पट कंपनसंख्येचा स्वर मूळ स्वराच्या सुमारे ५ टक्के असतो. निम्म्या अंतराइतकी हलली तर तोच सुमारे २७ टक्क्यांवर जातो. हळू वाजवलं तर आवाज गोड आणि जोरात वाजवलं तर गुरगुरणारा, याचं मूळ इथे आहे. ही फट किती ठेवायची यावर सगळा पियानो बदलतो. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या टर्नरला ते समजावून सांगायची गरज पडणार नाही, तो रोज थाऊमध्येच, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात विचार करतो.

या असमान वाढ-घटीतून मूळ स्वराचे दुप्पट, तिप्पट असे वरचे पूर्णपट निघतात आणि त्यातून संगणकात एक नवी आफत उभी राहते. २००ए चा सर्वांत वरचा स्वर २,०९३ हर्ट्झचा. त्याचा पंधरावा पूर्णपट ३१,३९५ हर्ट्झ होतो. सेकंदाला ४४,१०० आकडे घेतले तर २२,०५० हर्ट्झच्या वरचं काहीच त्यात मावत नाही. तो स्वर दुमडून १२,७०५ हर्ट्झवर येतो आणि बेसूर किणकिणतो. म्हणून गणित दुप्पट किंवा चौपट वेगाने करायचं, वरचे स्वर गाळायचे आणि मग मूळ वेगावर परतायचं. जुन्या यंत्रात नसलेला हा दोष आपल्या हिशेबातून येतो, त्यामुळे तो काढणं आपलीच जबाबदारी आहे.

ट्रान्झिस्टरच्या मंडलाचं (सर्किटचं) काम सोपं नाही, पण त्यासाठी वाट आधीच घालून दिलेली आहे. दुरुस्तीवाल्यांसाठी छापलेल्या मॅन्युअलमध्ये २००ए चा पूर्ण आराखडा होता. आराखड्यावरून मंडलाचं गणित सोडवणारा स्पाइस हा प्रोग्राम १९७३ मध्ये बर्कली विद्यापीठातून बाहेर आला. त्यामुळे कोड लिहिणारा आपल्या ट्रान्झिस्टरचा आकडा स्पाइसच्या आकड्याशी ताडून पाहू शकतो. या आराखड्यातली एक गोष्ट मला फार आवडते. वाद्यातला थरथरता परिणाम सेकंदाला पाच-सहा वेळा लुकलुकणारा दिवा आणि प्रकाशाने विजेचा रोध बदलणारा घटक यांच्यातून येतो, आणि तो थेट प्रवर्धकाच्या आतल्या परतीच्या मार्गावर (फीडबॅकवर) बसलेला असतो. त्यामुळे आवाज वरखाली होताना त्याचा पोतही बदलतो. शेवटी नुसता आवाज कमी-जास्त करून ते साधत नाही.

खुल्या परवान्याचं महत्त्व इथे कळतं. १९८९ मध्ये आलेल्या जीपीएलसारख्या परवान्यात कोड सुधारून दुसऱ्याला देणाऱ्याने आपली सुधारणाही खुली ठेवायची असते. एकाने पात्या मोजायच्या, दुसऱ्याने ट्रान्झिस्टर तपासायचा, तिसऱ्याने दुमडणारे स्वर पकडायचे.

बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय आहे, खानापूरपासून निपाणीपर्यंत अभियांत्रिकी शिकणारी मुलं आहेत आणि पेटीचे कारागीरही आहेत. आपल्या पेटीचं असं खुलं प्रतिरूप इथूनच व्हावं, असं मला मनापासून वाटतं. त्याचं गणित वेगळं असेल. पियानोच्या पातीला हातोडीचा एकच ठोका बसतो आणि ती विरत जाते. पेटीच्या पातीला भात्याची हवा सतत हलवत ठेवते, आणि हवेचा दाब वाढला की सूरही किंचित सरकतो. त्यासाठी लागणारी मोजमापं मात्र साधी आहेत: पातीची लांबी, रुंदी, बुडाशी आणि टोकाशी जाडी, चौकटीतली फट, आणि भात्याच्या दोन-तीन दाबांवर मोजलेली कंपनसंख्या. कारागिराने पेटी उघडली असेल त्याच दिवशी कॅलिपर आणि मोबाइल घेऊन शेजारी बसलं तर एका सप्तकाच्या पात्या मोजून होतात.