ओजेटीचे श्रेयांक अडतात कुठे? पात्रता, कागदपत्रं आणि मुदत

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी घ्यायचं प्रशिक्षण, आलं. मुलं काम करतात, शिकतातही. पण श्रेयांकांची (क्रेडिटची) फाइल परत येते. बहुतेक वेळा कारण कागदाचं असतं.

पात्रतेत एकच खरी अट: काम मुख्य विषयाशी जोडलेलं हवं. वाणिज्यच्या विद्यार्थ्याने हिशेबनिसाकडे नोंदी केल्या तर प्रश्न नाही. त्याच कार्यालयात नुसती कागदपत्रं पोहोचवली तर अडेल. आधीपासून नोकरी करणाऱ्यांनी ती नोकरी धरली जाईल असं परस्पर समजू नये.

मुदत सगळ्यात जास्त चुकीची वाचली जाते. फलकावरची तारीख अहवाल जमा करण्याची असते, आणि मुलं त्या तारखेपर्यंत काम संपवायचं ठरवतात. 1 श्रेयांकाला 30 तास, म्हणजे 4 श्रेयांकांना 120. रोज 6 तास धरले तरी कामाचे 20 दिवस लागतात, सुट्ट्या वेगळ्या. शेवटच्या पंधरवड्यात रुजू झालात तर एकही सुट्टी न घेता 90 तासच भरतील.

आणि रुजू होण्याआधी महाविद्यालयाचं पत्र हातात घ्या. पत्राच्या तारखेआधीचे दिवस मोजले जावेत म्हणून नंतर कितीही विनवण्या केल्या तरी पडताळणीत ते सहसा उडतात.

आता प्रमाणपत्र. 'एक महिना समाधानकारक काम केले' एवढ्या ओळीवर काही होत नाही. कधीपासून कधीपर्यंत, एकूण तास, नेमकं काम, सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा, शिक्का, हे सगळं लागतं. लेटरहेड मागतात, छोट्या व्यावसायिकाकडे ते नसतंच. (असा माणूस कित्येकदा मोठ्या कंपनीपेक्षा जास्त शिकवतो, पण अर्जात त्याला रकाना नाही.) अशा वेळी साधा कागद, शिक्का आणि शॉप अ‍ॅक्ट नोंदणीची प्रत चालेल का, हे विभागप्रमुखांना आधीच विचारा आणि होकार लेखी घ्या. तोंडी 'चालेल'चा कार्यालयात उपयोग नाही.

नोंदवही रोज भरा. वीस दिवसांच्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरकेपणात असल्या की तपासणाऱ्याला लगेच कळतं. 'ऑफिसचे काम केले' असं वीस वेळा लिहू नका. 'खरेदीची बिलं तारखेप्रमाणे लावली, दोन बिलांचे आकडे जुळले नाहीत' असं लिहा.

अहवाल, ओळखपत्राची प्रत वगैरे नेहमीचंच.

शेवटी एबीसी आयडी, म्हणजे 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' या श्रेयांकांच्या बँकेतला तुमचा खाते क्रमांक. हा 12 अंकी क्रमांक डिजिलॉकरवरून मिळतो आणि श्रेयांक त्याच खात्यात जमा होतात. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, मधलं नाव एकीकडे पूर्ण तर दुसरीकडे नुसतं आद्याक्षर, असा प्रकार असेल तर नोंद जुळताना अडू शकते. खिडकीवर 'आधार केंद्रात जा' म्हणतात, आधार केंद्र 'कॉलेजात जा' म्हणतं. या फेऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच उरका. निकालाच्या आठवड्यात दोन्हीकडे रांग असते.