क्लाउड बॅकअप, कमांड लाइनद्वारे

संगणकावरील फायलींची जादा प्रत दूरच्या क्लाउड साठ्यावर टंकित आदेशांनी नेऊन ठेवण्याची पद्धत व त्यासाठीची साधने. आरसिंक, ड्युप्लिसिटी, बोर्ग, रेस्टिक, आरक्लोन ही यातील विशेष परिचित नावे. एकदा नीट बसवलेला आदेश क्रॉनसारख्या वेळापत्रकावर सोपवता येतो व पुढे तो माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहत नाही. पडद्यावरच्या बटणांपेक्षा ही पद्धत अनेकांना भरवशाची वाटते ती मुख्यतः यामुळेच.

‘बॅकअप’ आणि ‘सिंक’ या संज्ञा बोलण्यात सर्रास एकमेकींच्या जागी येतात. तो घोटाळा इथेच दूर केलेला बरा. सिंकमध्ये दोन ठिकाणे एकसारखी ठेवली जातात, त्यामुळे इकडे चुकून पुसलेली फाइल तिकडेही पुसली जाते. बॅकअपमध्ये भूतकाळातील एखाद्या दिवशीची स्थिती परत मिळणे अभिप्रेत असते. आरक्लोनचा ‘सिंक’ आदेश गंतव्यस्थानी असलेल्या जादा फायली काढून टाकतो, ‘कॉपी’ आदेश तसे करत नाही. नवख्यांचे बरेच नुकसान या एका फरकापायी होते. त्यामुळे पहिल्या खेपेला ‘ड्राय-रन’ पर्याय लावून, काय घडणार आहे ते नुसते वाचून घेण्याची शिस्त जाणकार पाळतात.

पूर्वपीठिका : या साधनांची मुळे चुंबकीय फितीच्या काळात आहेत. युनिक्स या संगणकप्रणालीच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीत ‘टार’ हा आदेश आला. ‘टेप आर्काइव्ह’ या शब्दांवरून त्याचे नाव पडले. त्याआधी ‘टॅप’ व ‘टीपी’ हे आदेश तेच काम करीत. ‘डम्प’ हा आदेश १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रचारात आलेला दिसतो. त्याच्या शून्य ते नऊ या पातळ्यांमधून ‘पूर्ण’ आणि ‘वाढीव’ बॅकअप असा भेद रूढ झाला : शून्य पातळीवर सर्व काही, पुढच्या पातळ्यांवर खालच्या पातळीच्या प्रतीनंतर बदललेले तेवढेच. फीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच वाचता येते आणि मधला भाग सहज बदलता येत नाही. या मर्यादेतून घडलेली टारची रचना फीत मागे पडल्यावरही टिकली. ड्युप्लिसिटी आजही टार स्वरूपातच खंड तयार करते.

आरसिंक व बदललेला भाग ओळखण्याची युक्ती : अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांनी जून १९९६ मध्ये आरसिंक जाहीर केले. त्यामागील पद्धतीचे विवेचन ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या त्याच वर्षीच्या तांत्रिक अहवालात असून ट्रिजेल यांच्या १९९९ मधील प्रबंधात ते विस्ताराने आले आहे. जिच्याकडे जुनी प्रत आहे ती बाजू फाइलचे ठरावीक लांबीचे ठोकळे पाडते. प्रत्येक ठोकळ्याच्या दोन पडताळणी-बेरजा (चेकसम) काढल्या जातात, एक हलकी ३२ बिटांची व दुसरी भक्कम, आणि त्यांची यादी दुसऱ्या बाजूला धाडली जाते. नवी प्रत असलेली बाजू तेवढ्याच रुंदीची चौकट एकेक बाइट पुढे सरकवत जुळणारे ठोकळे शोधते. हलकी बेरीज अशी बेतलेली आहे, की चौकट एक घर सरकली म्हणजे मागे पडलेला बाइट वजा करून नवा मिळवला तरी पुरते. सारा हिशेब पुन्हा मांडावा लागत नाही. ही बेरीज मार्क अ‍ॅडलर यांच्या अ‍ॅडलर-३२ वरून सुचल्याचे लेखकांनीच नमूद केले आहे. भक्कम बेरजेसाठी आरंभी एमडी४ ही गणिती पद्धत वापरीत, पुढे एमडी५ आली. जे जुळत नाही तेवढेच तारेवरून जाते.

मात्र या युक्तीला दोन्ही टोकांना हिशेब करणारा प्रोग्रॅम लागतो, आणि क्लाउडवरच्या वस्तुसाठ्यात (ऑब्जेक्ट स्टोरेज) नेमका तोच नसतो.

वस्तुसाठ्याचे स्वरूप : अ‍ॅमेझॉनची एस३ सेवा १४ मार्च २००६ रोजी सुरू झाली व तिच्या धर्तीवर पुढे अनेक साठे उभे राहिले. अशा साठ्याला ‘ठेव’, ‘दे’, ‘यादी दाखव’ व ‘काढून टाक’ असे मोजकेच आदेश समजतात. साठवलेल्या वस्तूचा मधला तुकडा बदलता येत नाही, वस्तू सगळीच नव्याने ठेवावी लागते. फोल्डरही खरे नसतात. नावातील तिरप्या रेषेमुळे तसा भास होतो. नाव बदलणे म्हणजे नवी प्रत करून जुनी काढणे होय. शिवाय नुकतीच ठेवलेली वस्तू यादीत लगेच दिसेलच अशी हमी एस३वर डिसेंबर २०२० पर्यंत नव्हती, त्यामुळे जुन्या साधनांत पुनःपुन्हा विचारून पाहण्याची तजवीज आढळते. साठा असा मुका असल्याने सगळी हुशारी पाठवणाऱ्याच्या संगणकावर आली, आणि पुढील साधनांची घडण याच अडचणीतून झाली आहे.

ड्युप्लिसिटीने (बेन एस्कोटो, सुमारे २००२) यावर काढलेला तोडगा सुबक आहे. आरसिंकमध्ये पलीकडची बाजू जी बेरजांची यादी ऐन वेळी काढते ती यादीच ड्युप्लिसिटी फाइल म्हणून जपून ठेवते. पुढच्या खेपेला तिच्याशी ताडून फक्त फरक पाठवला जातो. साठ्याला काहीच मोजावे लागत नाही. याची किंमत म्हणजे साखळी. एका पूर्ण प्रतीवर फरकांचे थर चढत जातात आणि मधली एक कडी बिघडली तर तिच्यापुढचे सारे अवलंबून असलेले थर निकामी होतात.

आशयानुसार तुकडे, उगमाचा प्रश्न : बोर्ग व रेस्टिक यांत साखळी नाही. फाइलचे तुकडे पाडून प्रत्येकाला त्याच्या आशयावरून काढलेल्या ठशाचे (हॅश, म्हणजे आशयाची ओळख पटवणारा छोटा आकडा) नाव दिले जाते, आणि त्या ठशाचा तुकडा साठ्यात आधीच असेल तर तो पुन्हा पाठवला जात नाही. प्रत्येक बॅकअप म्हणजे तुकड्यांची एक यादी. जुनी यादी रद्द केली तरी नवीला धक्का लागत नाही. खरी खुबी तुकडे कुठे पाडायचे यात आहे. ठरावीक लांबीवर कापले आणि फाइलच्या आरंभी एकच अक्षर वाढले, तर पुढचे सगळे तुकडे सरकतात व सगळे ठसे बदलतात. म्हणून सरकत्या चौकटीतील मजकुराचा ठसा काढून, त्याचे शेवटचे काही बिट ठरलेल्या किमतीचे आले की तिथे कापतात. मजकूर सरकला तर कापण्याच्या जागाही त्याच्याबरोबर सरकतात. आजूबाजूचे एक-दोन तुकडे तेवढे बदलतात.

ही कल्पना कुठून आली याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ती आरसिंकच्या सरकत्या बेरजेचे अपत्य आहे. ‘बप’ या साधनाच्या (एव्हरी पेनारुन, सुमारे २०१०) दस्तऐवजात स्वतःची पद्धत आरसिंकसारखी असल्याचा उल्लेख आहे, आणि त्यावर या मताची भिस्त आहे. दुसरे मत ही परंपरा मायकेल राबिन यांच्या १९८१ मधील बहुपदी ठशांपासून मोजते : ऊदी मॅनबर यांनी १९९४ मध्ये मोठ्या साठ्यातील सारख्या फायली शोधण्यासाठी मजकुरातूनच नांगर (अँकर, म्हणजे खुणेच्या जागा) निवडले, पुढे अथिचा मुथिताचारोन, बेंजी चेन व डेव्हिड मॅझिएर यांच्या २००१ मधील मंद जाळ्यांसाठीच्या फाइल प्रणालीत ४८ बाइटांच्या चौकटीने सरासरी ८ किलोबाइटांचे तुकडे पाडले गेले. मॅनबर यांचे काम आरसिंकच्या आधीचे आहे. आरसिंकमध्ये तुकड्यांच्या सीमा लांबीवर ठरतात, चौकट केवळ शोधासाठी सरकते. मॅनबर व त्यांच्यानंतरच्यांकडे चौकटच सीमा ठरवते. साधन एक असले तरी हेतू निराळा असल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. बप हे या दोन्ही धारांचा संगम मानावे. आशयाच्या ठशालाच पत्ता मानण्याचा बॅकअपसाठीचा महत्त्वाचा नमुना म्हणजे बेल प्रयोगशाळेतील शॉन क्विनलन व शॉन डॉरवर्ड यांची ‘व्हेंटी’ प्रणाली (२००२).

रेस्टिक (अलेक्झांडर नॉयमान, २०१४–१५ च्या सुमारास) राबिन ठसे वापरते. तिचे तुकडे ५१२ किबिबाइट ते ८ मेबिबाइट, सरासरी सुमारे १ मेबिबाइट असतात व त्यांना एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेल्या ठशावरून नावे मिळतात. ‘अ‍ॅटिक’ या साधनापासून २०१५ मध्ये फुटून निघालेल्या बोर्गमध्ये बझहॅश ही निराळी सरकती पद्धत आहे. बोर्ग मुख्यतः एसएसएच या दूरच्या संगणकाशी होणाऱ्या सुरक्षित जोडणीवर बेतलेले असून पलीकडेही बोर्ग असणे त्याला मानवते; वस्तुसाठ्याशी थेट बोलण्यात रेस्टिक सरस ठरते. आरक्लोन (निक क्रेग-वुड, सुमारे २०१२ पासून) तुकड्यांच्या फंदात पडत नाही. अनेक कंपन्यांच्या परस्परांशी न जुळणाऱ्या सेवांना एकाच आदेशभाषेखाली आणणे हे त्याचे कार्य, आणि रेस्टिकही काही सेवांपर्यंत आरक्लोनच्याच मार्फत पोहोचते.

कूटलेखन : फायली घराबाहेर पडण्यापूर्वीच कूटबद्ध करण्याची सोय ड्युप्लिसिटी, बोर्ग व रेस्टिक यांत आहे. रेस्टिकमध्ये मजकूर कूटबद्ध करणारी एईएस-२५६ व त्यातील फेरफार ओळखणारी पॉली१३०५ या पद्धतींची जोडी आहे, आणि परवलीच्या शब्दापासून किल्ली काढण्यासाठी एसक्रिप्ट ही पद्धत वापरतात. तुकड्यांच्या लांबीवरूनही माहिती फुटू शकते : एखादी सर्वज्ञात फाइल साठ्यात आहे का, हे लांबींच्या क्रमावरून ताडता येते. त्यावर उपाय म्हणून रेस्टिक प्रत्येक साठ्यासाठी यादृच्छिक बहुपदी निवडते, तर बोर्ग गुप्त बीज (आरंभीचा आकडा) वापरते. टारस्नॅप या बॅकअप सेवेचे कर्ते कॉलिन पर्सिव्हल व सहकारी यांनी २०२५ मध्ये दाखवल्याप्रमाणे ही गुपितेही काही परिस्थितीत हुडकून काढता येतात. परवलीचा शब्द हरवला तर साठा कायमचा बंद होतो. तो कागदावर लिहून वेगळ्या ठिकाणी ठेवावा. त्याची एकमेव प्रत त्याच संगणकावर असणे म्हणजे किल्ली तिजोरीत ठेवून दार लावणे होय.

पडताळणी : प्रत गेली म्हणजे शाबूत गेली असे नव्हे. एस३वर लहान वस्तूचा ‘ईटॅग’ (साठ्याने दिलेली ओळखखूण) बहुधा तिच्या एमडी५ इतकाच असतो. पण मोठी फाइल भागाभागांनी चढवली की तो भागांच्या एमडी५पासून नव्याने काढलेला असतो आणि थेट तुलना फसते. ड्रॉपबॉक्स दर ४ मेबिबाइटांचे एसएचए-२५६ काढून त्यांचा पुन्हा एक ठसा काढते. या फरकांचा मेळ आरक्लोनच्या ‘चेक’ आदेशात घातलेला आहे. रेस्टिकचा ‘चेक’ एरवी साठ्याची रचनाच तपासतो, तुकडे खरोखर वाचून पाहण्यासाठी ‘रीड-डेटा’ पर्याय द्यावा लागतो. चालू डेटाबेसची फाइल तशीच उचलली तर ती अर्धवट लिहिलेली असू शकते. आधी डेटाबेसमधील माहितीची सुसंगत प्रत (तिलाही डम्पच म्हणतात) काढून मग ती चढवावी.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. तेव्हा एस३वरील नित्याचे बॅकअप पाहिले तर जागा रिकामी होती. डम्प काढणारे साधन ९.२ आवृत्तीचे व डेटाबेस ९.६ चा असल्याने काम रोज अपयशी होत होते, आणि तसे कळवणारे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटवरून (एका क्षणाची गोठवलेली प्रत) सेवा सावरली. कंपनीने हा वृत्तांत स्वतःहून प्रसिद्ध केला. क्रॉनवर सोपवलेले काम मुकाट बंद पडू शकते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

खंडणीखोर प्रोग्रॅम संगणकात शिरला तर क्लाउडच्या किल्ल्याही त्याच्या हाती लागतात. म्हणून लिहिण्याची मुभा असलेली पण पुसण्याची नसलेली किल्ली संगणकावर ठेवतात, किंवा साठ्यावर मुदतीचे कुलूप लावतात. एस३वर कुलपाची ही सोय २०१८ च्या अखेरीस आली. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे, एक प्रत अन्यत्र हा ३-२-१ चा नियम छायाचित्रकार पीटर क्रो यांच्या नावे सांगितला जातो व तो २००० च्या दशकातील असावा.

विंडोजवर ‘रोबोकॉपी’ ही फायलींच्या प्रती करणारी आज्ञा बरीच वर्षे उपलब्ध असली तरी ती क्लाउडशी थेट बोलत नाही. आरक्लोन व रेस्टिक मात्र तिथेही चालतात. उघड्या फायली वाचता याव्यात म्हणून रेस्टिकमध्ये विंडोजच्या स्नॅपशॉटचा आधार घेण्याचा पर्याय आहे.