कोर्टात गेलेले पाच सूर

१९७६ साली न्यूयॉर्कमध्ये, चाल उचलल्याच्या एका खटल्याच्या निकालपत्रात चक्क सूर लिहिले गेले. आपल्या सरगमात सांगायचं तर ‘प ग रे’ हा एक तुकडा आणि ‘प ध सा ध सा’ हा दुसरा. ‘द शिफॉन्स’ या गटाच्या १९६३च्या ‘हीज सो फाइन’मध्ये दोन्ही तुकडे चार-चार वेळा येतात. बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसनच्या १९७०च्या ‘माय स्वीट लॉर्ड’मध्ये पहिला चारदा, दुसरा तीनदा. न्यायाधीश रिचर्ड ओवेन स्वतः ऑपेरा रचणारे. त्यांनी हॅरिसनला चोर म्हटलं नाही. नक्कल झाली, पण नकळत, असं म्हटलं आणि जबाबदार मात्र धरलंच.

हे पाचही सूर भूप रागाचे. एकेकटा तुकडा कुठल्याही विद्यार्थ्याच्या गळ्यातून निघेल. पंचाईत झाली ती दोन्ही तुकडे त्याच क्रमाने, पुन्हापुन्हा आल्यामुळे.

पण नकळत म्हणजे कसं? ऐकलेली गोष्ट आणि ती कुठे ऐकली, या दोन आठवणी सारख्या टिकत नाहीत. बहुधा पत्ता आधी पुसला जातो. मग चाल सहज सुचते आणि ती सहजता आपल्याला प्रतिभा वाटते. याला क्रिप्टोम्नेशिया म्हणतात. १९८९ साली ब्राउन आणि मर्फी या मानसशास्त्रज्ञांनी चार-चार जणांना आळीपाळीने प्राण्यांची, वाद्यांची वगैरे नावं सांगायला लावली. नंतर ‘तुम्ही स्वतः सांगितलेली आठवा’, ‘आता नवी सांगा’ असं म्हटल्यावर शंभरातली ३ ते ९ उत्तरं दुसऱ्याचीच निघाली. तीही इतक्या साध्या खेळात!

चाहत्यांचं दुखणं वेगळं. १९७६ सालीच मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी दाखवलं, की विद्यापीठाचा संघ जिंकला की विद्यार्थी त्याच्या नावाचे कपडे जास्त घालतात. शिवाय ‘आपण जिंकलो’, पण ‘ते हरले’! आवडत्या गायकाच्या बाबतीतही बहुधा हेच. चाल उसनी आहे म्हटलं, की चाहत्याला आपल्याच घरावर धाड पडल्यासारखं वाटतं. एरवी शांत माणसं मग तावातावाने सूर मोजू लागतात. हॅरिसनला ‘हीज सो फाइन’ आधी माहीत होतं, हे त्याने स्वतः कोर्टात मान्य केलं होतं, तरीही.

आपल्याकडे जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून मूळ गाण्याचे पहिले शब्द सरळ छापलेले असत. पत्ता कागदावरच.