विद्यार्थिकेंद्री अध्ययन (उच्च शिक्षण)

विद्यापीठीय शिक्षणाचे यश विद्यार्थ्याला काय येऊ लागले यावरून ठरवणारी पद्धत. अभ्यासक्रम आखतानाच त्याच्या शेवटी विद्यार्थ्याला काय जमायला हवे ते (अध्ययन निष्पत्ती) ठरवले जाते. अध्यापन आणि मूल्यमापन त्यानुसार बेतले जाते.

युरोपात ही कल्पना शिक्षणमंत्र्यांच्या परिषदांमधून रुजली. १९ जून १९९९ रोजी इटलीतील बोलोन्या येथे २९ देशांनी उच्च शिक्षणाच्या सामाईक क्षेत्रासाठी जाहीरनामा केला. २००९ च्या ल्यूव्हेन (बेल्जियम) परिषदेने विद्यार्थिकेंद्री अध्ययनावर भर दिला आणि २०१५ मध्ये आर्मेनियातील येरेव्हान येथे मंजूर झालेल्या गुणवत्ता निकषांत त्याला स्वतंत्र स्थान मिळाले. विद्यार्थी संघटनाही या प्रक्रियेत सहभागी असतात.

व्यवहारात सगळी भिस्त श्रेयांकावर (क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे काम मोजण्याचे एकक) आहे. युरोपीय पद्धतीत वर्षाला ६० श्रेयांक असतात. एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचे काम धरले जाते. त्यात तासिका तर आल्याच, शिवाय वाचन, लेखन, प्रयोग, परीक्षेची तयारीही येते. विद्यार्थी एकट्याने जे कष्ट घेतो त्यांना अशी अधिकृत किंमत मिळाली, हे या पद्धतीचे सर्वांत मोलाचे देणे.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ पासून निवडाधारित श्रेयांक पद्धतीचा (विद्यार्थ्याला विषय निवडू देणाऱ्या) आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांच्या पदवीला किमान १६० श्रेयांक लागतात. मात्र वर्ग तुडुंब भरलेला असेल आणि अभ्यास गाईड व अपेक्षित प्रश्नांवर चालत असेल, तर श्रेयांक गुणपत्रिकेपुरतेच उरतात.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी ओपनएआय कंपनीचे चॅटजीपीटी हे सांगाल तो मजकूर लिहून देणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन खुले झाले आणि या मोजणीलाच धक्का बसला. घरून लिहून आणलेली असाइनमेंट हा कष्टांचा पुरावा मानला जाई. आता तो मजकूर काही क्षणांत तयार होतो. यंत्रलिखित मजकूर ओळखण्याचे स्वतःचे साधन ओपनएआयने कमी अचूकतेमुळे जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. त्यामुळे केवळ संशयावरून गुण कापणे अन्यायाचे ठरते. तोंडी परीक्षा, वर्गात बसून लेखन, कच्चे मसुदे तपासणे हे मार्ग अधिक भरवशाचे, पण त्यांना शिक्षकाचा वेळ लागतो आणि रिक्त पदे असलेल्या विभागांत तोच नसतो.

चॅटजीपीटीसारख्या साधनांवर सरसकट बंदी मात्र योग्य नाही. मराठी माध्यमातून आलेली विद्यार्थिनी इंग्रजी पाठ्यपुस्तकातला अवघड उतारा अशा साधनाकडून मराठीत समजून घेत असेल, तर तेही अध्ययनच आहे. साधनाची उत्तरे चुकीचीही असतात, म्हणून ती मूळ पुस्तकाशी ताडून पाहण्याची सवय वर्गातच लावावी लागते.